लेक ‘ओ-पेअर’ म्हणून निघते तेव्हा

रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांना परदेश नवा नाही. कुवेत, दुबई, बहरीन ही नावे आपल्याकडे शेजारच्या गावासारखी घेतली जातात. पण आजवर गेले ते बहुतेक पुरुष, आणि तेही आपल्याच गाववाल्यांच्या खोलीवर उतरले. आता एखाद्या घरातली शिकलेली लेक जर्मन भाषेचा क्लास लावते आणि म्हणते, “अब्बा, मला ओ-पेअर म्हणून जर्मनीला जायचंय.” अब्बांना शब्दच कळत नाही. अम्मीला एवढे कळते, की मुलगी परक्यांच्या घरात राहून त्यांची मुले सांभाळणार.

अम्मीला कळले ते बरोबरच आहे. ओ-पेअर हा फ्रेंच शब्द. अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’. यजमानांच्या घरी घरच्यासारखे राहायचे, मुलांना सांभाळायचे, हलके घरकाम करायचे आणि भाषा शिकायची. १९६९ मध्ये युरोपातील देशांनी स्ट्रासबर्ग येथे याविषयी करारही केला. जर्मनीचे नियम स्पष्ट आहेत. अर्ज करताना वय १८ पूर्ण आणि २७ च्या आत हवे, जर्मनची पहिली म्हणजे ए-१ पातळी हवी. मुक्काम सहा महिने ते एक वर्ष. काम आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास, दिवसाला सहा; आठवड्यात दीड दिवस सुट्टी; स्वतःची खोली. सध्या दरमहा २८० युरो हातखर्च, भाषेच्या वर्गासाठी ७० युरो, आणि विम्याचा खर्च यजमानांचा. हा पगार नव्हे. घरी पैसे येतील या हिशेबाने कोणी मुलीला पाठवत असेल, तर थांबावे.

मेहरमशिवाय परदेशी मुक्कामाचा प्रश्न मोठा आहे. त्यावर उलेमांत मतभेद आहेत. तो प्रत्येक घराने आपल्या आलिमांना विचारून सोडवावा. आम्ही लिहितो आहोत ते ज्यांचे जाणे ठरले आहे त्यांच्यासाठी.

आम्हाला काळजी वाटते ती एका गोड शब्दाची: ‘घरचीच’. आपल्याकडेही कामाला राहिलेल्या मुलीला आपण ‘ती घरचीच आहे’ म्हणतो आणि मग तिचे तास कोणी मोजत नाही. (कोणी मोजत असेल तर आम्हाला जरूर कळवावे.) तिकडेही हेच होऊ शकते. आई-वडील रात्री बाहेर गेले आणि मुले झोपली, तरी घरात थांबावे लागले तर ते तास कामाचेच आहेत. मुलीने पहिल्या दिवसापासून वहीत तास लिहावेत. यात बेअदबी काही नाही. त्या देशात वेळेचा हिशेब मांडणाऱ्याला कोणी वाईट म्हणत नाही.

अडचण आपल्या तरबियतीत आहे. मोठ्यांना ‘नाही’ म्हणू नये, जेवायला वाढले की आधी ‘बस, बस’ म्हणावे आणि आग्रह झाला की घ्यावे, हे आपल्या मुलींच्या अंगात मुरलेले. तिकडे एकदा ‘नको’ म्हटले की ते खरे मानतात, ताट पुढे जाते आणि आपली लेक उपाशी झोपते. यजमान निष्ठुर नसतात. त्यांनी तिच्या शब्दाचा मान ठेवलेला असतो. त्यात कित्येक घरांत रात्रीचे जेवण म्हणजे पाव, चीज, काकडी, सगळे थंड. भाजी-भाकरीची वाट बघणाऱ्या मुलीला तो अपमान वाटेल. तो अपमान नाही. मात्र दिवसाला नऊ तास काम करून घेणे ही तिकडची ‘संस्कृती’ नव्हे. हा फरक कळला, की निम्मे रडणे टळते.

दीनाच्या गोष्टी निघण्याआधीच, व्हिडिओ कॉलवर, यजमानांशी मोकळेपणाने बोलाव्यात. मी हिजाब घेते, डुकराचे मांस खात नाही, शिजवणारही नाही, दारू ओतणार नाही. कुत्रा आहे का? मुलांना पोहायला न्यावे लागेल का? ज्यांना हे पटणार नाही ते आधीच नकार देतील; ते बरेच. मुलांच्या खाऊतही पाहावे लागते: तिकडच्या रबरासारख्या गोळ्यांत बहुधा डुकराचे जिलेटिन असते. मुलांना त्यांच्या आईने दिले तर तो त्यांचा प्रश्न. आपल्या मुलीने पाकिटामागचा मजकूर वाचायला शिकावे. हलाल मांस शहरांत मिळते. १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार मोठ्या संख्येने जर्मनीत आले, त्यांची दुकाने आणि मशिदी आज ठिकठिकाणी आहेत. लहान खेड्यातले घर असेल तर मात्र जवळची मशीद किती दूर, हे विचारूनच होकार द्यावा.

नमाजचे वेळापत्रक तर पार उलटेपालटे होते. डिसेंबरात बर्लिनला सूर्य चारच्या आतच मावळतो. जोहर, असर, मगरिब चार तासांत येतात, आणि नेमकी तीच वेळ मुले बालवाडीतून घरी येण्याची. जूनमध्ये मगरिब साडेनऊनंतर; इशाला मध्यरात्र होते. दिवसातून काही वेळा पाच-दहा मिनिटे लागतील, हे यजमानांना आधी सांगितले तर बहुतेक जण वेळ काढून देतात. न सांगता मूल सोडून खोलीत गेलेले खपत नाही. ईदची सुट्टी तिकडे नसते. ती मागून, तारीख सांगून घ्यावी.

कुटुंब जमलेच नाही तर? करार साधारणपणे १४ दिवसांची सूचना देऊन संपवता येतो, उरलेल्या काळासाठी दुसरे कुटुंब शोधता येते. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला मात्र कळवावे लागते. हात उचलला, अंगाला हात लावला किंवा पासपोर्ट काढून घेतला, तर १४ दिवस थांबायचे नाही. पोलिसांचा क्रमांक ११०. महिलांसाठी मोफत मदत क्रमांक ११६०१६, चोवीस तास, अनेक भाषांत. हे दोन्ही क्रमांक मुलीला पाठ हवेत, फोन हातात नसला तरी सांगता येतील असे.

आणि परतीच्या तिकिटाचे पैसे मुलीच्या स्वतःच्या खात्यात असावेत, अब्बांच्या नव्हे. जाण्याआधी अम्मीने तिला एकदा बसवून सांगावे, की दुसऱ्याच महिन्यात परत आलीस तरी दार उघडे आहे. शेजारी काय विचारतील ते आम्ही बघून घेऊ.