माणसे का टिकत नाहीत?

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांतील औद्योगिक वसाहतींतून चालत गेल्यास गाळ्यागाळ्यांच्या दारांवर 'हेल्पर पाहिजे', 'ऑपरेटर पाहिजे' अशा पाट्या दिसतात. त्यांतील काही इतक्या जुन्या आहेत की, उन्हाने त्यांवरील अक्षरे पुसट झाली आहेत. पाटी उतरविण्याची वेळ मालकावर येतच नाही. या गाळ्यांचे मालक आणि तेथे राबणारे कामगार, दोघेही आपल्या धर्मग्रामांत आहेत. रविवारच्या मिस्साला ते एकाच बाकावरही बसत असतील. म्हणून या प्रश्नाकडे केवळ धंद्याचा प्रश्न म्हणून पाहणे आम्हांस पुरेसे वाटत नाही.

मालकांना विचारले असता उत्तर ठरलेले असते: शेजारच्या गाळ्यात पाचशे रुपये जास्त मिळाले की पोरे निघाली. या उत्तरात तथ्य नाही, असे कोणी म्हणू नये. लहान उद्योजकाचे स्वतःचे पैसे मोठ्या ग्राहकाकडे अडकलेले असतात. 45 दिवसांत रक्कम चुकती करावी असा नियम 2006 च्या कायद्याने घातला, तरी त्यासाठी मोठ्या ग्राहकाशी वाकडे घेण्याची हिंमत फारच थोड्यांना होते. अमेरिकेत 1913 साली फोर्ड मोटार कारखान्यातील कामगारांच्या गळतीचे प्रमाण वर्षाला सुमारे 370 टक्के झाले, तेव्हा जानेवारी 1914 मध्ये कंपनीने दिवसाची मजुरी जवळजवळ दुप्पट, म्हणजे पाच डॉलर, केली आणि गळती थांबविली. आठ-दहा माणसांच्या गाळ्याला हा उपाय परवडणारा नाही. परंतु नेमक्या याच कारणास्तव, पगाराखेरीज जे मालकाच्या हातात आहे त्याचे मोल तेथे अधिक असते.

मोठ्या कंपनीत मालक आणि कामगार यांच्यामध्ये व्यवस्थापक, नियमपुस्तिका, कधी युनियन अशा अनेक पायऱ्या असतात. गाळ्यात मालक हाच नियम. गावी जाण्याची रजा, बहिणीच्या लग्नासाठी उचल, बिघडलेल्या मालाबद्दलची बोलणी, सारे त्याच्या तोंडून येते. ज्या दिवशी त्याचा पारा चढलेला असतो त्या दिवशी नियमही बदलतो.

या संदर्भात एक जुना प्रयोग आठवतो. 1930 च्या दशकाच्या अखेरीस कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात दहा-अकरा वर्षांच्या मुलांची लहान मंडळे स्थापन केली. काही मंडळांत प्रमुख हुकूम सोडणारा होता, काहींत तो मुलांशी विचारविनिमय करून काम ठरवीत असे, तर काहींत त्याने सर्व मुलांवरच सोपविले होते. हुकूमशाही प्रमुखाच्या शांत मंडळांत तो समोर असेपर्यंत काम झपाट्याने होई आणि त्याने पाठ फिरविताच ते झपाट्याने घटे. आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. चार मुले मंडळ सोडून गेली. चौघेही हुकूमशाही प्रमुखाच्या काळात गेले आणि तेही जेथे उघड बंड झाले नव्हते अशा मंडळांतून.

अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी 1970 साली हाच धागा संस्थांच्या संदर्भात मांडला. असमाधानी माणसापुढे दोन वाटा असतात: बोलणे किंवा निघून जाणे. बोलण्याची वाट बंद असेल तर दुसरी उरते. 'आमच्याकडे कोणाचीही तक्रार नसते,' असे अभिमानाने सांगणारे मालक आम्हांस अनेकदा भेटतात. त्यांच्याच दारावरची पाटी कायम असते, हा योगायोग नसावा.

आता आपल्याकडील अधिक प्रचलित प्रकाराकडे वळू. येथे मालक शिव्या देत नाही. तो कामगारांना 'घरच्यासारखे' वागवतो, नाताळात केक आणि कपडे देतो, आजारपणात स्वतः दवाखान्यात नेतो. हे सारे मनापासून असते. तरीही दोन-तीन वर्षांत चांगला फिटर निघून जातो आणि मालकाला तो कृतघ्न वाटतो. थोडी चौकशी केली की कळते, नेमणुकीचे पत्र कधी दिलेच नव्हते. भविष्य निर्वाह निधीचा विषय 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणून ढकलला जात होता. आणि माणूस सोडून जाऊ नये म्हणून पंधरा दिवसांचा पगार हाती राखून ठेवला होता. मालकाची माया खरी, पण ती त्याच्या मर्जीवर अवलंबून. मागायची तर हात पसरावा लागतो. पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात योग्य वेतन हा न्यायाचा विषय मानला, दानधर्माचा नव्हे. मे 2025 मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपल्या नावाची निवड याच परिपत्रकाशी जोडली, तेव्हा आपल्या मंडळींना आनंद झाला. त्याचा अर्थ गाळ्यापर्यंत पोहोचला की नाही, ही शंका मात्र आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. नेमणुकीचे पत्र देणे त्यांनुसार बंधनकारक आहे. काम सोडणाऱ्याचा पगार कामकाजाच्या दोन दिवसांत चुकता करायचा आहे. ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या कामगारास एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते. अनेक मालक यास नवा जाच म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. कागदावर हक्क असला की कामगार निर्धास्तपणे बोलू शकतो, आणि बोलणारा माणूस सहसा थांबतो.

प्लास्टिकच्या साच्यांवर काम करणाऱ्या एका गाळ्याचे मालक आमच्या परिचयाचे आहेत. वर्षात पाचदा नवा हेल्पर शोधून ते कंटाळले होते. नवख्या हातांनी बिघडविलेला माल, तुटलेला साचा आणि एकाच्या बोटाला झालेली इजा, यांचा खर्च त्यांनी प्रथमच वहीत मांडला तेव्हा तो पगारवाढीच्या खर्चाहून मोठा निघाला. तेव्हापासून शनिवारी चहाच्या वेळी मशीन बंद करून ते पंधरा मिनिटे सर्वांसोबत बसू लागले. सुरुवातीचे तीन शनिवार कोणी तोंड उघडले नाही. चौथ्या शनिवारी सर्वांत नवीन मुलाने सांगितले की, मागच्या बाजूचा पंखा पावसाळ्यापासून बंद आहे.