सर्पगंधा शेतांत लावावी, रानांत खणूं नये

सर्पगंधा, जिला मराठींत हरकी व अडकई अशींही नांवें आहेत, ती आमच्या शेतकरी बंधूंस अगदींच अपरिचित नाहीं. हातभर उंचीच्या या झुडपाची खरी किंमत जमिनीखालीं आहे. उन्मादावर व निद्रानाशावर वैद्य तिचें मूळ पूर्वापार देत आले. इ. स. १९३१ मध्यें कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं वेडावर व रक्तदाबावर तिचा उपयोग प्रसिद्ध केला. १९४९ मध्यें मुंबईच्या डॉ. रुस्तुम वकील यांनीं रक्तदाबावरील आपला अनुभव विलायतेच्या वैद्यकीय नियतकालिकांत मांडला. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडांतील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं मुळांतून रेसर्पिन हें अल्कलॉइड वेगळें काढलें. मनोरुग्णालयांतून तें कांहीं वर्षें पुष्कळ वापरलें गेलें. पुढें त्यापासून खिन्नता येते असें दिसल्यावरून व नवीं औषधें निघाल्यामुळें तें मागें पडलें. मुळांची मागणी मात्र उरली.

हिरडा वेंचला तरी झाड उभें राहतें. सर्पगंधेचें मूळ घेतलें कीं झाडच गेलें. म्हणूनच तिच्या परदेशी व्यापारावर १९९० पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

कोणी म्हणेल, रानांत फुकट मिळतें तें शेतांत दोन वर्षें कां सांभाळावें? आमचें उत्तर असें कीं, फुकटाचा माल एकदांच मिळतो. बीं कमी उगवतें हें खरें. परंतु मुळांच्या तुकड्यांपासूनही रोपें होतात. दीड ते तीन वर्षांनीं, हिंवाळ्यांत पानें झडल्यावर मुळें काढावीं. द्रव्य मुख्यतः सालींत असतें, यास्तव धुतांना साल खरवडूं नये.

महसूल खात्यांत आमचें आयुष्य गेलें. त्यावरून एक गोष्ट आग्रहानें सांगतों. पीकपाहणींत सर्पगंधेची नोंद अवश्य करावी. माल शेतांतला कीं जंगलांतला असा प्रश्न निघाल्यास तोंडच्या शब्दापेक्षां सातबाऱ्यावरील एक ओळ अधिक उपयोगीं पडते. तसेंच खरेदीदार आधीं ठरवावा, आणि पहिल्या खेपेस चार-पांच गुंठ्यांपलीकडे जाऊं नये. शेतकऱ्यांच्या संस्थांनीं मुळें एकत्र तपासून विकण्याची सोय केल्यास दलालाची मनमानी थांबेल.

शेवटीं, हें मूळ रक्तदाब उतरवितें व मनावरही परिणाम करितें. घरचें पीक म्हणून वैद्य-डॉक्टरांस न विचारतां कोणीही तें उगाळून घेऊं नये.