यादी आणि ओझे

उन्हाळ्याची सुटी जवळ आली, की सांगलीच्या सुशिक्षित गृहस्थास कृष्णाकाठचा उकाडा असह्य होतो आणि त्याच कृष्णेच्या उगमी, महाबळेश्वरास, जाण्याचे वेध लागतात. बरोबर काय न्यावे याची यादी तो स्वतः करितो. बांधाबांध मात्र गृहिणीची! साडेचार हजार फूट उंचीवर सायंकाळी गारवा असतो, तेव्हा शाल अवश्य घ्यावी. परंतु शेगडी, पोळपाट-लाटणे, मसाल्याचा डबा ही सामग्री कोणत्या हवेसाठी? 'तेथे घरच्यासारखे जेवण मिळत नाही,' हे ठरलेले उत्तर. घरच्यासारखेच सर्व हवे, तर घर सोडावे तरी कशास? याचा खरा अर्थ एवढाच, की चौघांनी सूर्यास्त पाहावा आणि पाचवीने तेथेही पोळ्या लाटाव्यात.

सातारा जिल्ह्यातूनच दरवर्षी ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेने पंढरपुरास जाते. दिंडीचे जड सामान आता ट्रकातून जाते, हे आम्ही जाणतो. तरीही खांद्यावरच्या पडशीवर दिवस काढणारी माणसे तेथे दिसतात, आणि दिंडीच्या स्वयंपाकास अनेक हात लागतात. आमच्या पांढरपेशा सहलीस मात्र दोनच हात पुरतात!

आम्हीही याच यादीवाल्यांपैकी. गतवर्षी प्रथमच यादीतून पोळपाट खोडले, तेव्हा पत्नीने विचारले, "मग तेथे मी करू काय?" प्रश्न थट्टेचा नव्हता. तीस वर्षांच्या संसारानंतर आम्हास त्याचे उत्तर सुचले नाही.