हाटूची उतरण

शिमल्याहून हिंदुस्थान-तिबेट रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटर गेले की नारकंडा हे लहानसे गाव लागते. गाव सुमारे २,७०० मीटर उंचीवर आणि त्याच्या माथ्यावरचे हाटू शिखर सुमारे ३,४०० मीटरवर. म्हणजे चढ सातशे मीटरचा, अंतर सहा-सात किलोमीटरचे. नेहमीच्या गिर्यारोहकाला ही वाट सोपी वाटेल. सत्तरी ओलांडलेल्याला मात्र ती मध्यम कठीणच म्हणावी. गेल्या ऑक्टोबरात माझ्या थोरल्या बंधूंना, वय वर्षे ७३, मी या वाटेने घेऊन गेलो.

घरातून विरोध झाला आणि तो अनाठायी नव्हता. दादांच्या गुडघ्यांची झीज झालेली, रक्तदाबाची गोळी रोजची. वहिनी गेल्यापासून त्यांचे फिरणे गच्चीपुरते उरले होते. ‘पडलात तर?’ असे सुनेने मायेने विचारावे आणि दादांनी गप्प बसावे, हे वर्षभर चालले होते. पडण्याच्या धास्तीने चालणे सुटते, चालणे सुटले की मांड्यांचे स्नायू आटतात आणि स्नायू आटले की पडण्याचा धोका खरोखरीच वाढतो. हे मी रुग्णांना नित्य सांगतो. स्वतःच्या घरात सांगायला मला वर्ष लागले.

हाटू निवडण्यामागे एक व्यावहारिक कारण होते. शिखरापर्यंत मोटाररस्ता जातो आणि पायवाट त्याच्या आसपासच राहते. वृद्ध माणसाला डोंगरावर नेताना, मध्येच थांबावे लागले तर परतण्याची सोय काय, हे आधी पाहावे. देखाव्याचा विचार नंतर. गाडी आम्ही दिवसभरासाठी ठरवली होती.

निघण्यापूर्वी हृदयाची तपासणी झाली. एक मुक्काम शिमल्यात आणि दोन नारकंड्यात केले. कारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो. हाटूच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो आणि प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. डोकेदुखी, मळमळ, झोक जाणे यांपैकी काही दिसले तर वर जायचे नाही, त्रास वाढला तर लगेच खाली उतरायचे, हे दादांकडून आधीच कबूल करून घेतले. मनगटावरच्या घड्याळातील नाडीचे आकडे मात्र मी पाहू दिले नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढूच देत नाहीत, दादांची त्यांपैकीच. त्याऐवजी साधे माप ठरवले: चालता चालता एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आले पाहिजे. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते, म्हणून पाणी दर अर्ध्या तासाला, तहान नसली तरी.

पहाटेच्या थंडीत देवदार आणि कैल यांच्या जंगलातून वाट चढू लागली. कैल हा पाइनचाच एक प्रकार. दादांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेले. त्यांनी खाली पडलेला एक जुडगा उचलला, सुया मोजल्या आणि म्हणाले, “पाच. खालच्या डोंगरांतल्या चिडाला तीन असतात.” गेल्या वर्षभरात त्यांनी आपणहून सांगितलेली ही पहिली गोष्ट असावी. मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर आवाज फुटला नसता.

साडेचार तासांनी हाटूमातेच्या लाकडी मंदिरापाशी पोहोचलो. उत्तरेला हिमशिखरे स्वच्छ दिसत होती. ठरल्याप्रमाणे येथून गाडीने परतायचे होते. पण दादा म्हणाले, “चढून आलो, तसा उतरूनही जाईन.” त्यांचा चेहरा पाहून मी हो म्हटले. डॉक्टर असून ही चूक मी केली.

उतरताना धाप लागत नाही, म्हणून ते सोपे वाटते. पण मांडीच्या पुढच्या स्नायूला, ताणले जात असतानाच, शरीराचा भार प्रत्येक पावलाला आवरून धरावा लागतो. तो थकला की भार गुडघ्यावर येतो आणि गुडघा अचानक लचकतो. सुमारे दीड किलोमीटरवर दादांच्या मांड्या थरथरू लागल्या. त्यातच वाळलेल्या सुयांचा थर, तेल सांडल्यासारखा निसरडा. पाय सरकला आणि ते मटकन खाली बसले. इजा झाली नाही, हे आमचे नशीब. वाट रस्त्याला मिळते तेथे चालकाला बोलावले आणि उरलेली उतरण गाडीतून झाली.

तेव्हा तयारी करायची ती उतरण्याची. खुर्चीवर बसताना धपकन न बसता मनात पाच मोजत बसावे, असे दहा वेळा. कठडा धरून जिना सावकाश उतरावा. हे किमान दोन महिने. गुडघा दुखू लागला तर थांबून डॉक्टरांना विचारावे. डोंगरावर दोन काठ्या हव्यात आणि उतरताना त्या थोड्या लांब कराव्यात. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाण्याच्या आणि मात्रेच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. दीर्घ चालण्याने साखर एकाएकी उतरू शकते.

तिसऱ्या दिवशी मांड्या सर्वांत जास्त दुखल्या. अशा श्रमानंतर असेच होते. आता दादा रोज सकाळी कठडा धरून दोन मजले उतरतात, आणि वर येताना लिफ्ट घेतात. सून खालच्या पायरीवर उभी असते. हात धरत नाही, पायऱ्या मोजते.