पाना उचलण्याआधी वही उघडा

नागपूरच्या नंदनवनातल्या पोरापोरींनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. ग्रेट नाग रोडवरच्या केडीके कॉलेजात मेकॅनिकल शिकत असाल, नाहीतर वाठोड्याकडच्या एखाद्या गॅरेजात हाताखाली काम करत असाल. मातीत पळणारी गाडी स्वतः बांधायची हौस असली, की प्रश्न एकच येतो, "काका, गाडी माती धरत नाही. शॉकअप बदलू का?" मी उलट विचारतो, टायरमध्ये हवा किती आहे? बहुतेकांना सांगता येत नाही.

कॉलेजच्या मुलांनी बांधलेल्या मातीतल्या गाड्यांची बाजा स्पर्धा 2007 पासून इंदूरजवळच्या पीथमपूरला गाजते आहे. तिथे पेट्रोलच्या गटात सगळ्यांचं इंजिन जवळपास सारखंच, दहा हॉर्सपॉवरच्या आसपासचं. शेवटची शर्यत चार तासांची. इंजिन सारखं असलं की पुढे कोण जातं? ज्याची चारही चाकं माती सोडत नाहीत तो. म्हणून घरच्यांचे पैसे महागड्या सामानावर घालण्याआधी, आहे त्या गाडीतून पकड काढायला शिका, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

सुरुवात हवेपासून करा. बग्गीच्या जाड टायरला साधारण 8 ते 12 पीएसआय हवा लागते. पंपावरचा मीटर शंभरच्या पुढे जाणारा असतो, त्यावर एका पीएसआयचा फरक दिसतच नाही. पंधरा-वीसपर्यंतचाच आकडा असलेला छोटा मीटर घ्या. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी 28 अंश असलेला पारा दुपारी सहज 43 वर जातो. तेवढ्यानंच या टायरची हवा एक-सव्वा पीएसआयनं वाढते आणि गाडी पळून टायर तापला की आणखी. सकाळी झकास धरणारी गाडी दुपारी घसरू लागली, तर चेसिसला दोष देण्याआधी हवा मोजा. हवा जास्त झाली की टायर फुगून मधल्या पट्ट्यावरच टेकतो आणि खड्ड्यावरून उसळतो. फार कमी केली तर वळणावर रिमवरून निघतो. एकेक पीएसआय उतरवत जा, एकदम चार नको.

मग वजन. हे काम मला फार आवडतं, कारण खर्च जवळजवळ नाही. ओळखीच्यांकडून माणसं तोलायचे चार वजनकाटे मागून आणा. गवंड्याची पाण्याची नळी लावून चारही काटे एका पातळीत ठेवा. ज्यांची हवा ठरवली आहे त्या चाकांखाली ते सरकवा, चालवणाऱ्याला हेल्मेटसकट आत बसवा, टाकीत पेट्रोल असू द्या. एक हिशोब बघा: पुढचं डावं 58 किलो, पुढचं उजवं 66, मागचं डावं 74, मागचं उजवं 62. एकूण 260. आता तिरकं जोडा. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून 140, दुसरी तिरकी जोडी 120. अशी गाडी एका बाजूला छान वळते, दुसऱ्या बाजूला हट्ट धरते. शंकरपटाच्या शौकिनाला हे सांगावं लागत नाही, जू कललं की बैलजोडी तिरकी ओढते. पुढच्या डाव्या स्प्रिंगची रिंग थोडी वर चढवा, उजवीची तेवढीच खाली घ्या, गाडी चार वेळा दाबून सोडा आणि पुन्हा तोला. दोन्ही तिरक्या जोड्या 130 च्या जवळ येईपर्यंत.

अमेरिकेतल्या मातीच्या रिंगणांचे व्हिडिओ पाहून सेटिंग उचलू नका. तिथल्या गाड्या फक्त डावीकडे वळतात. म्हणून तिथे मुद्दाम मागचा उजवा टायर मोठा लावतात, वजन तिरकं ठेवतात. आपल्या ऑटोक्रॉसमध्ये, बाजामध्ये वळणं दोन्हीकडची असतात.

आता स्प्रिंगचं बोलू. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जाणार, हे गाडीची उंची, रुंदी आणि वेग ठरवतात. त्यातलं पुढच्या चाकांनी किती घ्यायचं आणि मागच्यांनी किती, एवढंच स्प्रिंग आणि अँटी-रोल बारच्या हातात असतं. आणि टायरवर वजन दुप्पट झालं म्हणून पकड दुप्पट होत नाही, जरा कमीच वाढते. म्हणून जी बाजू जास्त कडक, ती आधी घसरते. स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जात असेल तर पुढचं नरम करा किंवा मागचं थोडं कडक. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर उलट. कृपा करून स्प्रिंग कापू नका. वेटोळी कमी झाली की ती नरम नाही, आणखी कडक होते. मातीत नेमकं तेच नको असतं.

मातीचंही ऐका. मुरमाच्या ट्रॅकवर सकाळी टँकरनं पाणी मारलेलं असतं तेव्हा चाक रुततं, धरतं. दुपारी वरचा थर उडून खालचा मुरूम गुळगुळीत होतो. काळी माती ओली झाली तर टायरच्या नक्षीत लिंपून बसते आणि टायर गोटा होतो. म्हणून वहीत हवा, स्प्रिंग, वेळ यांच्याबरोबर ट्रॅक ओला होता की कोरडा हेही लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदललीत तर कशानं फरक पडला, कुणालाच कळणार नाही.

आणि हे सारं बंद मैदानात. रात्री रिंग रोडवर गाडी "बघायला" नेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार रस्त्यावरची शर्यत गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या रस्त्यावरून कुणाची तरी आई स्कूटरवरून घरी येत असते.

मैदानात उतरण्याआधी प्रत्येक टाय रॉडच्या चेकनटावर रंगाची एक रेघ ओढा, नट आणि रॉड दोन्हींवरून जाणारी. दर फेरीनंतर वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे. ती गाडी पुढे एक फूटही हलवू नका, आधी तो नट कसा.