दुबार नोंद

आजचा विषय जरा वेगळा. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम तुम्हा ब्लॉगवाल्यांना ठाऊक आहेच. नातेवाइकांसाठी सांगतो, बऱ्याच वेबसाइट याच सिस्टिमवर चालतात आणि घरातल्या अनेक वायफायच्या डब्यांतही तीच असते. २००१ च्या जानेवारीत लिनक्स २.४ आले, तेव्हापासून तिच्यात 'कनेक्शन ट्रॅकिंग' नावाची एक वही आहे (खरी वही नव्हे, मेमरीतला तक्ता). कुठल्या पत्त्यावरून आणि कुठल्या पोर्टवरून निघालेले पॅकेट कुठे गेले, याची नोंद तिथे होते, म्हणजे आलेले उत्तर ज्याचे त्याला पोचते. आमच्या करमाळा तालुक्यात उजनीच्या काठी केत्तूर नं. १ आणि केत्तूर नं. २ आहेत. पाकिटावर नुसते केत्तूर लिहिले तर पोस्टमनने काय करावे? पोर्ट म्हणजे तो नंबर समजा.

आता या वहीतला दोष. वेबसाइटचे नाव टाइप केले की संगणकाला आधी तिचा आकडी पत्ता विचारावा लागतो. पत्ते दोन तऱ्हेचे, जुने आणि नवे, म्हणून तो दोन प्रश्न एकदमच पाठवतो. एकाच दारातून, एकाच ठिकाणी, एकाच क्षणी. नोंद मात्र पॅकेट आत शिरताना पक्की होत नाही, बाहेर पडताना होते. त्यामुळे दोघांनाही वही कोरी दिसायची, दोघांचीही कच्ची नोंद व्हायची, आणि पक्की करायच्या वेळी दुसऱ्याची नोंद दुबार ठरून ते पॅकेट टाकून दिले जायचे. कुणाला कळवणे नाही! कोपऱ्यातला एक आकडा तेवढा एकाने वाढायचा. विचारणारा बिचारा पाच सेकंद वाट बघून पुन्हा विचारायचा. मोठ्या कंपन्यांत, जिथे एका सामायिक पत्त्यामागे पुष्कळ यंत्रे असतात, तिथे हा त्रास फार झाला.

पाच सेकंदांचे काय एवढे, असे कुणी म्हणेल. आमच्या शाळेत दोन जुळ्या बहिणी होत्या. जमीन धरणात गेलेली, आईवडील ऊसतोडीला. शिष्यवृत्तीच्या यादीत बापाचे नाव, आडनाव, जन्मतारीख, शाळा सगळे एक, म्हणून एका कचेरीत धाकटीचे नाव दुबार समजून कापले गेले. विचारायला गेलो तर सल्ला मिळाला, "थोरलीचे होऊ द्या, पुढच्या वर्षी हिचा अर्ज करा." आठवीनंतर एकच बहीण शाळेत राहिली.

संगणकवाल्यांतही आधी असाच सल्ला फिरत होता. सेटिंग बदला, दोन प्रश्न एकापाठोपाठ एक पाठवा. चालते ते, नाही असे नाही. पण माझ्या मते हा इलाजच नव्हे. चूक वहीच्या नियमात आणि शिस्त लावायची ती येणाऱ्याला! दुसरा मोह कुलपाचा, म्हणजे एका वेळी एकानेच आत यायचे. मग एका जोडीपायी सगळा गाव रांगेत उभा.

मार्टिनास पुम्पुटिस या प्रोग्रामरने नियमालाच हात घातला. त्याच्या दुरुस्त्या मार्च २०१९ मधल्या लिनक्स ५.० पर्यंत आत गेल्या. टक्कर झाली की दोन्ही नोंदी ताडून पाहायच्या; जाणे-येणे तंतोतंत सारखे असेल तर दुसऱ्या पॅकेटलाही पहिल्याच्याच नोंदीवर सोडायचे. किती साधे! तरी एक पेच उरला. दोन प्रश्न दोन वेगळ्या यंत्रांकडे वळवले गेले तर? मग नोंदी खरोखरच वेगळ्या. त्यावर २०२० मध्ये फ्लोरियन वेस्टफाल यांनी तोड काढली. दुसरी नोंदही ठेवायची, पण फक्त उत्तराच्या बाजूने आणि अगदी थोडा वेळ. उत्तर पोचले की काम झाले.

मला यात आवडले ते हे, की दुरुस्ती कुणी केली, कशासाठी केली, हे नावानिशी लिहून ठेवलेले आहे आणि आजही कुणालाही वाचता येते. आमच्या यादीतले नाव कुणी कापले, ते दोन हेलपाटे मारूनही कळले नव्हते.

जाता जाता, पुण्याचे भाचे विचारतील म्हणून सांगतो. आमच्या काठावर फोनची रेंज जाते त्याचा या वहीशी काही संबंध नाही. टॉवरच लांब आहे.