मुंबई दाखवायची, की लेकरांना बघू द्यायची?

पालकहो आणि शिक्षक मित्रांनो,

निकाल लागला, शाळेला कुलूप लागलं की आपल्या लोणारमध्ये कितीतरी घरांत एकच विषय निघतो. यंदा लेकरांना मुंबई दाखवायची! विचार चांगलाच आहे. पण कागदावरची यादी बघा : गेटवे, राणीची बाग, तारांगण, म्हातारीचा बूट, जुहू, सिद्धिविनायक, हाजी अली, शिवाय एखादा मॉल. आणि हातात दिवस किती? तीन. पाच-सहा वर्षांचं लेकरू या यादीत कुठं बसतं, हे कोणी विचारतच नाही.

माझं मत सरळ आहे. लहान मूल सोबत असेल तर दिवसाला एकच ठिकाण. जवळचं दुसरं सहज झालं तर ठीक, नाही झालं तर रडायचं नाही. मॉल तर यादीतून आधी काढा. तो आता संभाजीनगरलाही आहे.

कारण साधं आहे. आपल्याकडं ४२ अंशाच्या उन्हात घाम अंगावरच वाळतो. मुंबईत ३४ अंशालाच सदरा पाठीला चिकटतो, कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही. मोठ्यांना ते सोसतं, लेकरू मात्र अकरा वाजताच चिडचिड करायला लागतं. आपण म्हणतो, "एवढे पैसे खर्च करून आणलं आणि हा रडतोय!" म्हणून सकाळी लवकर निघा, दुपारी बारा ते चार सावलीत किंवा घरी, आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर. लोकलमध्ये सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ लेकरू घेऊन चढूच नका.

आता नियोजनाचं. जालना आपल्यापासून साधारण ९० किलोमीटर. तिथून मुंबईला गाड्या आहेत. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, पुढं ती नांदेडपर्यंत वाढली. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे मेमध्ये जायचं तर तिकीट मार्चमध्ये, ऐन परीक्षेच्या धामधुमीत काढावं लागतं. पाच वर्षांखालच्या मुलाला भाडं नाही. पाच ते बारा वयाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर अर्धं, हवा असेल तर पूर्ण. वंदे भारतसारख्या खुर्चीच्या गाडीत मात्र आसन घेतलं की पूर्ण भाडं. एसटीत पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मंच. हा हिशेब तिसरी-चौथीच्या लेकराला वहीत करू द्या की! "दोन मोठे, दोन लहान, जाऊन-येऊन किती?" पुस्तकातल्या शाब्दिक उदाहरणापेक्षा हे त्याला जास्त खरं वाटेल.

सुट्टीचे वारही त्यालाच शोधायला लावा. राणीची बाग बुधवारी बंद असते, घारापुरीची लेणी आणि नेहरू तारांगण सोमवारी. हे न बघता गेलेलं कुटुंब बंद फाटकासमोर उभं राहतं आणि दिवस वाया जातो.

आणि लोणारचं लेकरू मुंबईला रिकाम्या हातानं जात नाही, हे आपणच विसरतो. राणीच्या बागेचं पूर्ण नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. जिजाऊ आपल्याच जिल्ह्यातल्या, सिंदखेडराजाच्या. पाटीवरचं ते नाव लेकराला वाचू द्या, मग पेंग्विन. तेही बर्फातले नव्हेत, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे हम्बोल्ट पेंग्विन. तारांगणात इतर मुलं उल्का छतावर बघतात, आपल्या मुलानं उल्केनं पाडलेलं पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर रोज बघितलेलं असतं. घारापुरीची लेणी ज्या काळ्या बेसाल्टात कोरली, त्याच जातीचा दगड आपल्या विवराच्या कडांवर आहे. पण तिथं बोटीचा तासभर आणि वर शंभराहून जास्त पायऱ्या, त्यामुळं चार वर्षांखालचं लेकरू असेल तर घारापुरी पुढच्या वेळेला.

समुद्राला मात्र एक अख्खी संध्याकाळ द्या. गिरगाव चौपाटीवर नुसतं बसा. आपलं सरोवरही खारंच, पण त्यात सोड्याचे क्षार जास्त, समुद्रात मीठ. सरोवर जागचं हलत नाही, हे पाणी मात्र पुढं येतं, मागं जातं. का, ते लगेच सांगू नका.

प्रवासालाही सहलच धरा. ठाण्याच्या पुढं गाडी ज्या मार्गानं जाते, त्याच मार्गावर १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. परतताना साध्या एक्सप्रेसनं आलात तर कसाऱ्याला घाट चढायला मागून जादा इंजिनं जोडतात. ते बघायला लेकराला खिडकीशी बसवा, मोबाईल पिशवीत ठेवा.

आता जिवाची गोष्ट. गर्दीत हात सुटू शकतो. लेकराच्या खिशात दोन मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी, आणि आपलं पूर्ण नाव व "लोणार, जिल्हा बुलढाणा" हे त्याला न अडखळता म्हणता यायला हवं. नियम घरीच पाठ करून घ्या : चुकलो तर जिथं आहे तिथंच उभं राहायचं, आई-बाबा परत येतात. आपण लोकलमध्ये चढलो आणि ते फलाटावर राहिलं, तर पुढच्या स्टेशनवर उतरून मागं यायचं. रेल्वेची मदत १३९ वर, मुलांसाठी १०९८. हे निघायच्या आठवडाभर आधी खेळासारखं दोन-तीनदा करून बघा. भीती घालू नका.

नातेवाइकांकडं उतरणार असाल तर आधी विचारा, नुसतं कळवू नका. एका खोलीत चौघं राहतात, पाणी ठरावीक वेळेलाच येतं. अंथरूण-पांघरूण सोबत न्या आणि एका वेळचा स्वयंपाक आपण करा. पाहुणचार घेताना कसं वागायचं, हे लेकरू तिथंच शिकतं.

शेवटी शिक्षक मित्रांसाठी. विदर्भातल्या शाळा जूनच्या चौथ्या आठवड्यात उघडतात आणि आपण "मी केलेला प्रवास" लिहायला देतो. वर्गात निम्म्या वह्यांमध्ये "मुंबई ही स्वप्ननगरी आहे" हेच निबंधाच्या पुस्तकातलं वाक्य. यंदा असं विचारून बघा : प्रवासाचं तिकीट वहीत चिकटवा, आणि तुम्ही स्वतः मोजलेली एक गोष्ट लिहा. पायऱ्या, बोगदे, स्टेशनं, काहीही चालेल. ज्याला मुंबई जमली नाही आणि जो एसटीनं मेहकरला मामाकडं जाऊन आला, त्याच्याकडंही तिकीट असतं. त्याची वही आधी वाचायला घ्या.